निजेच्या चालीने

छापखान्याची लांबलचक भिंत सुरू झाली तसा तिने पाय उचलला आणि गाडीला आपल्या मनाने जाऊ दिलं. गाडी छोटी, ऑटोमॅटिक. पाय न लावताही ती पुढे सरकत राही, रांगणाऱ्या पोरासारखी. आरशात मागच्या खुर्चीतल्या लेकीचं, ठकीचं, डोकं एका बाजूला कललं होतं. पापण्या अजून पुरत्या मिटल्या नव्हत्या, त्यांच्या फटीतून पांढऱ्याची एक बारीक रेघ दिसत होती, आणि झाडांच्या सावल्या तिच्या चेहऱ्यावरून एकेक करून उतरत होत्या. कपाळ, नाक, उघडं तोंड, हनुवटी. मग पुढची सावली. रेघ मिटली म्हणून लगेच घराकडे वळायचं नसतं, हे अनुभवाने कळलं होतं. कच्ची झोप गाडी थांबली की मोडते. रेघ मिटल्यावर खरं काम सुरू होतं.

रेघ मिटली.

भिंत संपली त्या कोपऱ्यावर तिने स्टिअरिंग वळवायला घेतलं आणि ते वळलं नाही.

खालून कुणीतरी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. रागाने नव्हे, नुसतं धरून, थांब जरा म्हटल्यासारखं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. गाडी वळणाला न वळता सरळ, त्याच निवांत चालीने समोरच्या फुटपाथकडे निघाली, आणि फुटपाथवरचा विजेचा खांब हळूहळू मोठा होत गेला, इतका हळू की त्याच्यावर चिकटवलेल्या शिकवणीच्या जाहिरातीतले फोन नंबर तिला वाचता आले. मग तिला ब्रेकची आठवण झाली. चाक फुटपाथच्या कडेला टेकलं, त्याचा आवाजसुद्धा झाला नाही. मागे ठकीने ओठ हलवले, स्वप्नात काहीतरी चोखलं, आणि पुन्हा गप्प झाली.

तिने चावी फिरवून गाडी बंद केली, परत चालू केली. दिवा गेला होता. स्टिअरिंग एका बोटाने वळत होतं. मघाचं सगळं आपणच मनाने रचलं की काय, असं वाटावं इतकं सहज.

हे काही पहिल्यांदाच झालं नव्हतं.

संध्याकाळी नवऱ्याने बूट काढता काढता ऐकून घेतलं. ऐकून घेताना तो मान हलवायचा, आणि त्या मान हलवण्यातच त्याचं उत्तर असायचं. तो वाईट नव्हता. ठकी झाल्यानंतरच्या महिन्यांत ती झोपलेल्या पोरीच्या नाकापाशी बोटाची मागची बाजू धरून बसायची, तेव्हा हाच शेजारी बसून, "श्वास चालू आहे, मी आत्ताच मोजून आलोय," असं गंभीर तोंडाने सांगायचा. गॅस बंद केला का हे बघायला ती फाटकापासून परत यायची, तेव्हा तो न कुरकुरता उन्हात उभा राहायचा. आता स्टिअरिंगही तो त्याच रांगेत नेऊन बसवत होता, नाकापाशी धरलेलं बोट, गॅस, आणि त्यानंतर हे. त्याने खाली जाऊन गाडीची एक फेरी मारली. तो नेहमी मारतो तशी, कोपऱ्यावर टायर जरा वाजवून. वर येऊन चावी खुंटीला लावत म्हणाला,

"मला तर काही झालं नाही."

"तुला नाही होत."

"अगं, असतं काही तर त्यांनीच बोलावलं असतं. मागे नव्हतं का बोलावलं?"

मागे बोलावलं होतं, हे खरं. ठकी महिन्याचीही नव्हती तेव्हा फोनवर निरोप आला होता की या मॉडेलच्या मागच्या दारांची कुलपं आपोआप सुटू शकतात, तरी ग्राहकांनी गाडी सर्व्हिस सेंटरला आणावी, कंपनी विनामूल्य बदलून देईल. ठकीला पाजत असताना तिने तो वाचला होता आणि पोरीला आणखी जवळ ओढलं होतं, कारण आदल्याच दिवशी त्या दाराला टेकवून पोरीला हॉस्पिटलातून तपासून आणलं होतं. नवऱ्याला मात्र कंपनीचं कौतुक वाटलं. स्वतःची चूक स्वतःहून सांगतात, कॉफी पाजतात, माशांच्या टाकीसमोर बसवतात. तेव्हापासून त्याची श्रद्धाच बसली. ज्या दोषासाठी बोलावणं येत नाही तो दोष नसतो.

सर्व्हिस सेंटरात ती तीनदा जाऊन आली होती. तिथला सल्लागार गोरागोमटा, टाय लावलेला, वाक्यागणिक मॅडम म्हणणारा. तो तिला शेजारी बसवून मोठ्या रस्त्यावर गाडी काढायचा, वेग घ्यायचा, करकचून ब्रेक मारायचा, मुद्दाम खड्ड्यातून न्यायचा, सापासारखी नागमोडी चालवायचा आणि हात सोडून दाखवायचा. लोण्यासारखं चाललंय, मॅडम. खरंच लोण्यासारखं चालायचं. तिसऱ्या खेपेला त्याने विचारलं, मॅडम किती वर्षं गाडी चालवताहेत, आणि अलीकडे झोप वगैरे नीट होते का. ती म्हणाली, घरात लहान मूल आहे, झोप कुठली. तो सहानुभूतीने हसला. बाहेर पडताना तिच्या लक्षात आलं की आपण आपल्याच तोंडाने साक्ष देऊन आलो.

एक गोष्ट तिने त्याला कधी सांगितली नव्हती. ती कशी चालवते, ते. माणूस चालतो त्या वेगाने, एसी बंद, काचा बंद, त्याच त्या रस्त्यांवरून तास-तासभर, पोरगी झोपावी म्हणून. टाय लावलेल्या माणसासमोर हे बोलायला जीभ रेटत नव्हती. घरी याच्यावरून आधीच पुरेसं ऐकून झालं होतं. सासूबाई फोनवर म्हणायच्या, आमच्या वेळी पोरं मांडीवर झोपायची, चाकांवर नाही. आणि नणंदेला सांगायच्या, हिचा पाळणा पेट्रोलवर चालतो. हे नणंदेने तिला हसत हसत सांगितलं होतं आणि तीही हसली होती.

पण दुपार झाली की तिचे पाय आपोआप जिन्याकडे वळायचे. ठकीला खुर्चीत बसवून पट्टे आवळले की दोघींचं एक वेगळंच राज्य सुरू व्हायचं. शाळा सुटायला वेळ असायचा, दुकानांची दारं अर्धी ओढलेली असायची. छापखान्याच्या भिंतीमागून यंत्रांची एकसारखी धडधड यायची, ती काचेतून आत शिरेपर्यंत मऊ व्हायची. पुढे पाण्याची टाकी, मग रोपवाटिका, तिच्या काळ्या पिशव्यांतल्या रोपांच्या रांगा, मग कोरड्या कालव्याकाठचा रस्ता आणि परत भिंत. कुणी सायकलवाला मागून पुढे निघून जायचा आणि काचेतून डोकावून बघायचा, ही बाई गाडी चालवतेय की गाडी हिला. ठकीचा श्वास लांबत जायचा, तसतसा तिचाही. कधी कधी तिला वाटायचं की रस्ता स्थिर नाहीच, तो कुणीतरी मागून हळूच ओढून घेतोय, चादरीसारखा, आणि आपण दोघी एकाच जागी आहोत.

त्या राज्यातच हे धरणारे हात शिरले होते.

या मॉडेलच्या गाडीवाल्यांचा एक गट होता, फोनवर. कुणाच्या दाराला आवाज, कुणाचं मायलेज, कुणाला रंगावर डाग. तिथे तिने एका दुपारी, ठकी झोपलेली असताना, लिहिलं. कुणी म्हणालं हवा तपासा. कुणी म्हणालं ताई, ड्रायव्हर ठेवा, आणि त्याच्यापुढे हसरे चेहरे. पण संध्याकाळी एका अनोळखी बाईचा फोन आला. मोठ्या आवाजाची, घाईत बोलणारी. तिच्या नवऱ्याला पन्नाशीत पळायचं वेड लागलं होतं, कुठल्याशा लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी तो रोज सकाळी पळत होता, आणि हृदयाचं काही होईल या भीतीने ही मागून गाडीत, पाण्याची बाटली घेऊन. तिचंही स्टिअरिंग असंच धरलं जात होतं. नवऱ्याच्या पाठीशी, हातभर अंतरावर. तीही सर्व्हिस सेंटरात जाऊन लोण्यासारखं ऐकून आली होती.

दोघी किती तरी वेळ बोलल्या. बोलता बोलताच ते उलगडलं. मग ती बाई म्हणाली,

"म्हणजे बघ, माझा पळतो, तुझी झोपते, आणि आपण दोघी रांगतो. असं कोण चालवतं गं दुसरं?"

रात्री तिने नवऱ्याला हे सांगितलं. दोष वेगात नाही, हळूपणात आहे. बराच वेळ अगदी हळू चालवली, तरच होतं. म्हणून तुला होत नाही, म्हणून त्या टायवाल्याला होत नाही. त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. मग तिच्या केसांवर हात ठेवून म्हणाला, काही दिवस नको चालवूस ना गाडी. आई येते म्हणालीये, राहील महिनाभर. तुलाही विश्रांती. एखाद्या चांगल्या डॉक्टरांशी बोलू, नुसतं बोलायला काय हरकत आहे. त्याचा आवाज इतका मायेचा होता की तिला रडूही आलं नाही. आपल्या हातांवर आपला भरवसा असतो, तो कुणी काढून घेत नाही. नुसता मायेने हात फिरवतं, आणि तो निसटतो. भाजी चिरताना तिने त्या दिवसापासून सुरी जरा जपूनच धरली.

तरी तिने कंपनीला लिहिलं. स्वतःचं आणि पळणाऱ्याच्या बायकोचं. या वेळी सगळं लिहिलं, पोरीच्या झोपेसकट. कंपनीने मुख्य कार्यालयातून एक तपासनीस पाठवायचं कबूल केलं. नवऱ्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. एकदा काय ते होऊन जाऊ दे, असं तो म्हणाला, आणि त्यानंतर मात्र माझं ऐकायचं, असंही. ती हो म्हणाली. हो म्हणताना तिला कळत होतं की यानंतर ती चावी खुंटीवरच राहणार.

तपासनीस दुपारी आला. धिप्पाड, पिकल्या मिशांचा, दारातून आत येताना सवयीने मान वाकवणारा. हातात एक लहानसं यंत्र आणि त्याची वायर. त्याने पाणी मागून घेतलं, ठकीकडे बघून मिशी हलवून दाखवली, आणि सांगितलं की ताई, तुम्ही रोज चालवता अगदी तसंच चालवा, मी नाहीच असं समजा. नवरा म्हणाला की पोरीला शेजारच्या काकूंकडे ठेवू. पण ती नाही म्हणाली. ते तिने आदल्या दिवशीच करून बघितलं होतं. मागची खुर्ची रिकामी असली की तिचा पाय ऐकत नव्हता; दहा पावलं जात नाहीत तोवर तो आपसूक खाली दबायचा. ठकीशिवाय तिला ठकीच्या चालीने चालवताच येत नव्हतं.

म्हणून सगळेच बसले. तपासनीस पुढे, गुडघे डॅशबोर्डला टेकवून, मांडीवर यंत्र, वायर स्टिअरिंगखाली खोचलेली. मागे ठकी आपल्या खुर्चीत, आणि तिच्या शेजारी नवरा, बाजूला सरकून बसलेला, परीक्षेला पालक म्हणून आल्यासारखा.

पहिल्या फेरीत ठकी बडबडत होती. दुसऱ्या फेरीत तिने बापाचं बोट धरलं. तिसऱ्या फेरीला रेघ उरली, आणि मग तीही मिटली.

कुणी सांगितलं नव्हतं, पण तपासनीस आता कुजबुजत्या आवाजात बोलत होता. त्या एवढ्या देहातून तेवढासा आवाज निघताना गंमत वाटत होती. त्याने कुजबुजत विचारलं की साधारण कुठे होतं. तिने हनुवटीने भिंतीच्या टोकाकडे दाखवलं. भिंतीचं टोक आलं. तिने स्टिअरिंग वळवलं. वळलं. टाकी आली, रोपवाटिका आली, कालवा आला. तपासनिसाने यंत्राच्या काचेवरचे आकडे पाहिले.

पुन्हा भिंत. पुन्हा वळलं.

ऊन पिवळं होत चाललं होतं. काचा बंद असल्याने आत एक उबदार, दुधाळ वास साचला होता. धडधड भिंतीतून येत होती, जात होती. तपासनिसाची मान एकदा खाली गेली आणि दचकून वर आली. आरशात नवऱ्याचं डोकं काचेला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं, अगदी लेकीसारखं. झोपल्यावर दोघांचे ओठ एकाच ठिकाणी दुमडतात हे तिला पहिल्यांदाच दिसलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एक कागद फुटपाथवरून त्यांच्या सोबतीने, त्यांच्याच वेगाने, सरपटत येत होता. गाडीभर निजलेली माणसं घेऊन ती एकटी जागी होती आणि काहीच होत नव्हतं.

पुन्हा भिंत.

आता हो, असं ती मनात म्हणाली. स्टिअरिंगवरची पकड तिने सैल केली, बोटांची नुसती टोकं ठेवली, पाखराला दाणा दाखवावा तशी. रोज येतोस. आजच का नाही. ती त्या खालच्या हातांना बोलावत होती, गोड बोलून, ठकीला पलंगाखालून बाहेर काढताना बोलावते त्या आवाजात. ये. एकदाच ये. यांना दिसू दे. कोपरा जवळ येत होता, पुढे खांब होता, आणि तिच्या छातीत जे भरून येत होतं ती भीती नव्हती. वाट बघणं होतं. माहेरचं माणूस यायचं असलं की दारात उभं राहून बघतात, तसं.

तिने आरशात पाहिलं.

ठकीच्या कपाळावरून सावली उतरत होती.

कोपऱ्यावर स्टिअरिंग वळलं, सहज वळलं, पण तिला ते कळलं नाही. पुढे जाऊन रोपवाटिकेच्या कुंपणापाशी तिने गाडी कडेला घेतली, थांबवली, आणि चावी फिरवली. इंजिनाचा आवाज गेला तशी एक पोकळी झाली. त्या पोकळीने तिघंही जागी झाली, आधी तपासनीस, मग नवरा, मग ओठ काढून ठकी. ती खाली उतरली, मागचं दार उघडलं, आणि पट्टे सोडवू लागली. बक्कल निघत नव्हतं.

"काय झालं?" नवरा म्हणाला. "झालं का?"

"नाही."

"मग?"

तिने पोरीला काढून खांद्यावर घेतलं. झोप मोडलेली ठकी कुरकुर करत होती आणि तिची मान घामाने ओली होती.

"मी वाट बघत होते," ती म्हणाली. "व्हावं म्हणून. हिला मागे बसवून मी वाट बघत होते."

नवरा तिच्याकडे बघत राहिला. तपासनिसाने यंत्राची काच पुसली, उगाचच. त्याने खाकरून सांगितलं की अजून थोडा वेळ चालवायला हवी होती, मध्येच बंद केली म्हणजे पुन्हा पहिल्यापासून आलं. आणि नाहीच चालवायची तर त्याला दोष आढळला नाही असंच कळवावं लागेल. तसं त्याला वाईट वाटत होतं. ती म्हणाली कळवा. ती खरंच मनापासून म्हणाली. घरी न्यायला रिक्षा मिळेल, चावी खुंटीला राहील, सासूबाई येतील, डॉक्टर बोलतील. ठकी खांद्यावर होती. बाकीचं सगळं तिला एकाएकी फार लांबचं वाटलं, कालव्याच्या पलीकडच्या घरांसारखं.

नवरा उतरला होता. तो गाडीला वळसा घालून आला, पुढचं दार उघडं होतं तिथे थांबला. मग वाकून आत बसला. सीट मागे सरकवली. हात स्टिअरिंगवर ठेवले, आणि पहिल्यांदा गाडी शिकणाऱ्यासारखे परत उचलले.

"कशी चालवतेस तू?"

"राहू दे आता."

"सांग ना. पाय कुठे ठेवायचा?"

तिने सांगितलं. पाय लावायचाच नाही. ब्रेकच्या वर, नुसता हवेत. हॉर्न नाही, एसी नाही, खड्डा असला तर पुढचं चाक गेलं की मागच्याची वाट बघायची.

"आणि मागे कुणी झोपलंय असं समज," ती म्हणाली.

त्याने मान वळवून रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. सुटलेले पट्टे दोन्ही बाजूंना लोंबत होते. मग त्याने गाडी चालू केली, आणि ती हलली की नाही हे कळू नये अशी हलली.

रोपवाटिकेत बाहेरच्या बाजूला एक दगडी बाक होता. मालकीणबाई नळीने पाणी घालत होत्या. त्यांनी बसा म्हटलं आणि पुन्हा रोपांकडे वळल्या. ठकी खाली उतरून काळ्या पिशव्यांच्या रांगांतून डुगडुगत फिरू लागली, एकेका पानाला बोट लावत, जणू सगळ्यांना घरात आहात ना असं विचारत. पाण्याचे थेंब पानापानावरून खाली घरंगळत होते. बऱ्याच वेळाने रस्त्याच्या टोकाला गाडी दिसली. बाहेरून तिने ती अशी कधी पाहिली नव्हती. इतकी लहान आणि इतकी सावकाश, पाण्यातून कुणी काहीतरी जपून ओढत न्यावं तशी. नवरा पाठ ताठ करून, दोन्ही हात वर धरून बसला होता, आणि त्याच्या शेजारी तपासनीस, सगळी पुढची काच व्यापून. ठकीने हात हलवला. बापाने इकडे पाहिलं नाही. त्याची नजर पुढे होती. गाडी गेली.

पुन्हा आली, पुन्हा गेली. मागून सायकलवाला आला, त्याने आत डोकावून पाहिलं आणि निघून गेला. त्यानंतरच्या फेरीला नवऱ्याचा चेहरा तिला ओळखू आला नाही. असा चेहरा त्याचा तिने एकदाच पाहिला होता, ठकीला पहिल्यांदा हातात दिली तेव्हा. सगळं अंग धरून ठेवलेलं, श्वाससुद्धा जपून.

मग गाडी आली नाही.

तिने आधी मनाला समजावलं की फेरी मोठी घेतली असेल. मालकीणबाईंनी नळ बंद केला, नळी गुंडाळली. शाळा सुटली, दप्तरं पाठीला मारून पोरांचा एक लोंढा रस्त्याने गेला आणि रस्ता पुन्हा रिकामा झाला. ठकी येऊन तिच्या मांडीवर चढली. ती पाय हलवून पोरीला झुलवत राहिली आणि बघत राहिली. तिने फोन काढला आणि परत ठेवला. तो चालवत असेल तर वाजायला नको.

कालव्याच्या बाजूने दोन माणसं चालत येताना दिसली.

पुढे नवरा होता. त्याने ठकीची खुर्ची दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती, आणि तिचे पट्टे त्याच्या गुडघ्यांवर आपटत होते. शर्ट पाठीला चिकटला होता. तो भरभर चालत नव्हता. जमीन पुढे आहे ना हे प्रत्येक पावलाला बघून चालत होता. बाकापाशी येऊन तो उभा राहिला. खुर्ची खाली ठेवायचं त्याच्या ध्यानात आलं नाही. खुर्चीच्या कडेवर आवळलेल्या त्याच्या बोटांची पेरं पांढरी झाली होती.

तिने विचारलं नाही. बाकावर थोडी सरकली. तो बसला, खुर्ची मांडीवर घेऊन.

"वळलीच नाही गं," तो म्हणाला.

जरा वेळाने त्याने ठकीच्या पायाला हात लावला. पाऊल मुठीत घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

तपासनीस मागे, कुंपणापाशीच थांबला होता. फोन कानाला होता, दुसरा कान त्याने हाताने झाकला होता. अजून तो कुजबुजतच बोलत होता. ते त्याच्या लक्षात आलेलं दिसत नव्हतं. गाडी जिथे आहे तिथेच ठेवलीये, असं तो सांगत होता, कालव्याच्या कठड्याला लावून. टेकलीये फक्त. उचलून न्या, कुणी चालवायची नाही. नाही साहेब, एक-दोन नाही, सगळ्याच. या मॉडेलच्या सगळ्याच परत बोलवाव्या लागतील. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

त्याने वळून बाकाकडे पाहिलं. ठकी आईच्या मांडीवरून वाकून, बापाच्या मांडीवरच्या आपल्या खुर्चीत चढायचा प्रयत्न करत होती.

"नाही," तपासनीस फोनवर म्हणाला. "मागे कुणी नव्हतं."

पलीकडून पुढचा प्रश्न आला असावा. पण त्याने तेच पुन्हा सांगितलं, हळू आवाजात.

"मागे कुणीच नव्हतं."